वक्फची मालकी कोणाची, आणि मुलाबाळांसाठी केलेला वक्फ हे दान कसं?

तुमचे प्रश्न दोन आहेत: वक्फ झालेल्या, म्हणजे मूळ रोखून उत्पन्न दानाला लावलेल्या, जमिनीचा मालक कोण, आणि स्वतःच्याच मुलाबाळांसाठी कोणी वक्फ केला तर त्याला दान का म्हणायचं. जुने वक्फनामे, म्हणजे वक्फचे दस्त, वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुराणात दानाबद्दल खूप आहे, पण वक्फ ही संस्था तिथे नावाने सापडत नाही. तिचा पाया हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमध्ये, आहे. पैगंबरांचे सहकारी हजरत उमर यांना अरबस्तानातल्या खैबरमध्ये जमीन मिळाली. एवढी मोलाची मालमत्ता आजवर हाती आली नव्हती, हिचं काय करू, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. उत्तराचा आशय असा, की वाटलं तर मूळ रोखून ठेव आणि उत्पन्न दान कर. मग उमर यांनी ठरवून टाकलं: ही जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न गरीब, नातेवाईक, गुलामांची सुटका, प्रवासी आणि पाहुणे यांच्यासाठी. देखभाल करणाऱ्याने त्यातून वाजवी खावं, पण स्वतःची पुंजी करू नये. वक्फ या शब्दाचा अर्थच थांबवणं, रोखणं असा आहे. उत्तर आफ्रिकेत याच गोष्टीला हबूस म्हणतात.

त्या यादीत नातेवाईक आहेत, हे लक्षात असू द्या. पुढे लागेल.

आता मालकी. यावर फकीहांचं, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांचं, कधीच एकमत नव्हतं. इमाम अबू हनिफांच्या मते मालकी वाकिफकडेच, म्हणजे वक्फ करणाऱ्याकडेच राहते आणि काही अपवाद सोडले तर तो माघारही घेऊ शकतो. त्यांच्याच दोन शिष्यांनी, अबू युसुफ आणि मुहम्मद अश-शैबानी यांनी, हे मानलं नाही. त्यांच्या मते मालकी अल्लाहकडे जाते आणि परत येत नाही. अबू हनिफांच्या हनफी पंथाच्या व्यवहारात पुढे हेच मत चाललं. मालिकी पंथात मालकी वाकिफची, पण विकायचा हक्क नाही, आणि तिथे ठरावीक मुदतीचा वक्फही चालतो. हनबली पंथाचा कल मालकी लाभार्थ्यांची मानण्याकडे. वाट वेगळी असली तरी मुक्काम बहुतेकांचा एकच: वक्फ पक्का झाला की तो कोणी माणूस मनाला येईल तसा विकू शकत नाही.

इथे एक चूक सर्रास होते. वक्फची देखभाल करणारा मुतवल्ली म्हणजे ट्रस्टी, असं लिहिलं जातं. इंग्लिश कायद्यातल्या ट्रस्टीच्या नावावर मालमत्ता असते. मुतवल्ली फक्त व्यवस्था पाहतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९२१ मध्ये हा फरक स्पष्ट केला होता.

मग मुतवल्लीला बांधून ठेवतं काय? वक्फनामा. फकीहांमध्ये एक वचन प्रसिद्ध आहे, की वाकिफची अट ही शरियतच्या वचनासारखी. म्हणून हे दस्त इतके बारकाईने लिहिलेले असतात. उस्मानी (ऑटोमन) सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रम सुलतान हिने सोळाव्या शतकात जेरुसलेमला अन्नछत्र वक्फ केलं. आसपासच्या गावांचा महसूल त्याला लावून दिला. सकाळी तांदळाचं सूप, संध्याकाळी भरडलेल्या गव्हाचं, हे खुद्द दस्तात आहे! आणि दमास्कसची ती गोष्ट मला फार आवडते. प्रवासी इब्न बतूता १३२६ मध्ये तिथे असताना एका लहान गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची बशी पडून फुटली. लोक जमले. त्यातला एक जण म्हणाला, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फवाल्याकडे घेऊन जा. पोराने तुकडे दाखवले आणि तशीच बशी घेण्यापुरते पैसे त्याला मिळाले. मालकाचा मार चुकला. कोणीतरी कधीकाळी नेमक्या अशाच पोरांसाठी उत्पन्न बाजूला काढून ठेवलं होतं.

आता दुसरा प्रश्न. इस्लामी वारसा कायद्यात वारसांचे हिस्से ठरलेले असतात आणि मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं. जमिनीचे तुकडे होऊ नयेत, राजाने जप्ती आणू नये, म्हणून लोक कौटुंबिक वक्फ करत: उत्पन्न आधी मुलांना, मग नातवंडांना, वंश खुंटला की गरिबांना. नातेवाइकांना देणं हीही सदकाच, म्हणजे दानच, हे उमर यांच्या यादीतच आहे. इंग्रज न्यायाधीशांना ते पटेना. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असा एक वक्फ रद्द ठरवला: गरिबांचा वाटा इतका लांबचा, की तो निव्वळ दिखाऊ. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश सय्यद अमीर अली यांनी त्याआधीच, १८९२ मध्ये, असा वक्फ वैध आहे असं वेगळं मत नोंदवलं होतं. शेवटी १९१३ चा कायदा आला. त्याचं विधेयक जिनांनी मांडलं होतं. कौटुंबिक वक्फ वैध झाले, पण जुन्या वक्फांना तो लागू होईना, म्हणून १९३० मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. उलट सीरियाने १९४९ मध्ये आणि इजिप्तने १९५२ मध्ये कौटुंबिक वक्फच बंद केले.

माझं मत विचाराल तर कौटुंबिक वक्फ हे खरं दान असू शकतं. पण मुलींना वगळण्यासाठी केलेले वक्फही मी वाचले आहेत, आणि ते वाचताना दर वेळी वाईट वाटतं. कुराणाने मुलीला दिलेला हिस्सा दानाच्या नावाखाली काढून घ्यायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

वक्फचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र विक्रीने झालं नाही, भाडेपट्ट्याने झालं. हनफी नियम असा, की वाकिफने वेगळं लिहिलं नसेल तर घर एका वर्षापेक्षा आणि शेतजमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची नाही. कारण साधं होतं: फार वर्षं राहिलेला भाडेकरू स्वतःला मालक समजायला लागतो. पण आगीत इमारत जळाली आणि वक्फकडे बांधायला पैसे नाहीत, तर? उस्मानी काळात त्यावर दुहेरी भाडं निघालं. आधी जवळजवळ किमतीइतकी रक्कम एकदम, मग दरवर्षी नाममात्र भाडं. इमारत उभी राहिली, पण ताबा पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरूकडे गेला आणि ते भाडं महागाईत विरघळून गेलं. एका नोंदवहीत मी पानामागून पान तोच आकडा पाहिला आहे. भाडेकरूचा मुलगा, मग नातू, नावं बदलत गेली, भाडं तेच.

तेव्हा तुमच्या हाती एखादा वक्फनामा आला तर आधी चतुःसीमा पाहा, मग वंश खुंटल्यावर उत्पन्न कोणाला ते पाहा, आणि त्यानंतर भाड्याच्या मुदतीबद्दल वाकिफने काही लिहिलंय का ते शोधा. ती ओळ बहुतेकदा शेवटच्या अटींमध्ये दडलेली असते.