परसातील कोंबड्या: ब्रॉयलरचे पोते आधी बंद करा

प्रश्न (शहापूर तालुका): 25 तलंगा (तरुण माद्या) आणि 3 कोंबडे आहेत, दिवसभर मोकळे फिरतात. अंड्यावर येऊन दोन महिने झाले. दुकानदाराच्या सांगण्यावरून ब्रॉयलर फिनिशर (मांसाच्या कोंबड्यांचे शेवटच्या टप्प्यातले खाद्य) दिवसातून चार वेळा देतो. अंडी घटली, कवच मऊ येते, दोन पक्षी अंडे अडून मेले. खाद्य किती आणि कधी द्यावे?

प्रश्न (घणसोली गावठाण): सहा गावठी कोंबड्या आहेत. डिसेंबरात अंडी थांबली. दुकानातून टॉनिक आणि कॅल्शियमची बाटली आणली आहे. मात्रा किती?

उत्तर: शहापूरच्या शेतकऱ्याने आज संध्याकाळपासून फिनिशर बंद करावे. ते खाद्य पाच-सहा आठवड्यांत पक्षी कापायला यावा म्हणून बनवतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात त्याने चरबी साठते, अंडे अडते आणि कोंबडी मरते. शिवाय त्यात रक्ती हगवणीचे औषध मिसळलेले असू शकते, त्याचा अंश अंड्यात उतरतो आणि ती अंडी तुमचीच मुले खातात. ही तक्रार आली की मी कोंबडी बघण्याआधी पोत्यावरचे लेबल बघतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असते.

उलटी चूकही तितकीच होते. पिल्लांना लेयरचे, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे, खाद्य देतात. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असते, पिल्लाला एक टक्का पुरतो. जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडे जातात. म्हणून आठ आठवड्यांपर्यंत चिक स्टार्टर (पिल्लांचे खाद्य), पुढे ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे), आणि कळपात पहिली अंडी दिसल्यावरच लेयर. दुकानात माल संपला म्हणून 'हेच चालेल' असे कोणी म्हणाले तर पोते उचलू नका. दुसऱ्या दुकानात जा.

आता वेळ. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला दिवसाला 40 ते 50 ग्रॅम वरखाद्य पुरे, म्हणजे तुमच्या 28 पक्ष्यांना सव्वा किलोच्या आसपास. सकाळी सोडताना त्यातला फार तर तिसरा हिस्सा. सकाळीच पोट भरले तर ती उकिरड्याकडे जाणार नाही, किडे-वाळवी फुकट मिळतात ती सोडून खुराड्यापाशी बसून राहील. उरलेले सगळे सूर्यास्ताआधी तासभर. दुपारचे खाद्य नको. चार वेळा तर मुळीच नको. पावसाळ्यात कोंडून ठेवावे लागले तर मात्र हाच कळप दिवसाला तीन किलोच्या वर खातो, तेव्हा सव्वा किलोवर भागवू नका.

लेयरचे पोते परवडत नसेल तर घरी मिसळा: कणी किंवा मक्याचा भरडा 5 किलो, तांदळाचा कोंडा 2 किलो, सोयाबीन पेंड 2 किलो, बिनमिठाची सुकट पाऊण किलो, कोंबड्यांचे खनिज मिश्रण 200 ग्रॅम. खारवलेली सुकट घालू नका, जास्त मिठाने पक्षी मरतात. गाईचे खनिज मिश्रणही चालणार नाही.

माझा सगळ्यात जास्त आग्रह शिंपल्यांसाठी आहे. कवच बनते मुख्यतः रात्री, म्हणून कॅल्शियम संध्याकाळी पोटात हवे. खाडीकाठच्या आपल्या ठाणे जिल्ह्यात तिसऱ्यांचे शिंपले घराघरात फेकले जातात. गोड्या पाण्याने दोनदा धुवा, वाळवा, भाजा आणि ज्वारीच्या दाण्याएवढे जाडसर कुटा. पीठ करू नका. जाड तुकडा पोटात सावकाश विरघळतो आणि रात्रभर पुरतो. वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला गरज आहे ती खाईल, कोंबडा आणि पिल्ले तोंड लावणार नाहीत. मऊ कवचाच्या बहुतेक तक्रारी एवढ्यावर मिटतात.

यातच घणसोलीचे अर्धे उत्तर आले. बाटली बाजूला ठेवा. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, अंड्यांना 14 तासांच्या आसपास उजेड लागतो. पहाटे तीन तास खुराड्यात साधा दिवा लावा. पिसे झडत असतील तर कोंबडी विश्रांतीवर आहे, तिला तशीच राहू द्या. टॉनिकने दिवस मोठा होत नाही. दुप्पट मात्रा दिलीत तर हगवण लागेल, अंडे येणार नाही. आणि 'अंडी वाढवणारी पावडर' म्हणून सुटी पुडी कोणी दिली तर घेऊच नका. अशा पुड्यांत प्रतिजैविके निघतात. त्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर तर कोंबड्यांसाठी 2019 पासून देशभर बंदी आहे.

पावसाळ्यासाठी एकच इशारा, पण तो पाळाच. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणा आणि पोती फळीवर ठेवा. बुरशी आलेला मका स्वस्तात देताना दुकानदार म्हणेल, उन्हात टाका, ठीक होतो. होत नाही. बुरशी वाळते, तिचे विष दाण्यात राहते आणि यकृत खाते. असा मका गुरांनाही घालू नका, पुरून टाका.

योजनेबद्दल थोडक्यात: पशुसंवर्धन विभागाकडून 25 तलंगा व 3 नर यांचा गट किंवा एकदिवसीय 100 पिल्ले 50 टक्के अनुदानावर मिळण्याची योजना आहे. अर्ज कधी सुरू होतात ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन कक्षात विचारा. पक्षी ताब्यात घेताना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कोणत्या तारखेला दिली ते कागदावर लिहून घ्या आणि नवा गट दोन आठवडे जुन्या कोंबड्यांपासून वेगळा ठेवा.