पहिल्यांदाच लासलगावला कांदा नेतोयस तर हे वाच

भाऊ, लिलावात भाव चांगला फुटला म्हणून लगेच खुश होऊ नको, खरा खेळ व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवतात तिथे, असतो. लिलाव होतो ट्रॉलीचा वरचा माल बघून, मग वजन, मग खळ्यावर खाली करताना अर्धी ट्रॉली रिकामी झाली की व्यापारी वांधा काढतात, आतला माल हलका आहे म्हणे, भावात शंभर-दोनशे कमी करा. तेव्हाच का? कारण परत भरायची मजुरी आणि ट्रॅक्टरचं भाडं तुझ्या डोक्यावर असतं हे त्यांना पक्कं माहीत असतं, तू हो म्हणणारच. मी पहिल्या वर्षी म्हणालो, आजही सलतं. म्हणून घरीच निवड, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा काढ, वर-खाली एकसारखा भर. लिलावातच ट्रॉलीच्या मधून दोन-चार पाट्या उकरून दाखव. आणि वांधा काढलाच तर तिथेच माल उतरवणं थांबव, बाजार समितीच्या माणसाला बोलव.