वाघ्या ओट्यावर, नातू माजघरात

प्रश्न : डॉक्टरबाई, आम्ही सेलू तालुक्यातले. माझा नातू साडेचार वर्षांचा आहे. दिवाळीपासून त्याला सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका येतात, डोळे चोळतो, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. कोपराच्या आत आणि गुडघ्यामागे इसब तर तान्हेपणापासून आहे. घरात वाघ्या आहे, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून आणलेला कारवानी कुत्रा. नातू दोन वर्षांचा होता तेव्हा आणला. यंदा भाव नाही म्हणून कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवलाय, त्यामुळे आम्ही सगळे शेजारच्या माजघरात झोपतो, आणि नातू व वाघ्या एकाच वाकळीवर. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, कुत्र्याची ॲलर्जी आहे, जीन्समधून आलेली, कुत्रा काढून टाका. माझ्या मुलालाही लहानपणी दमा होता. पण नऊ वर्षांच्या नातीला काहीच नाही. ती जन्मली तेव्हाही आमच्याकडे आधीचा कुत्रा होता. सून म्हणते, मोबाइलवर वाचलं, कुत्रा असलेल्या घरात लेकरांना ॲलर्जी कमी होते. मग खरं काय? वाघ्याचे केस भादरून पाहिले, फरक नाही. खंडोबाच्या दारातलं जनावर सोडायला मन धजत नाही.
— एक आजी, जि. परभणी

उत्तर : मावशी, शेवटचं आधी सांगते. वाघ्याला इतक्यात कुठे सोडू नका. पण आज रात्रीपासून तो माजघरात नको, ओट्यावर झोपू द्या.

आता जीन्सचं. तुम्ही शेतकरी घरातल्या, म्हणून सातबाऱ्यावरून सांगते. सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असतं, बारामध्ये त्या हंगामात काय पेरलं ते. आई-बापाकडून आलेले जीन म्हणजे सात, ते जन्मभर तेच राहतात. पण कोणत्या पेशीत कोणता जीन जोरात चाललाय, कोणता गप्प बसलाय, ही झाली पीकपाहणी. वय, आजार, धूळ, जंतू, जनावरं यांनी ती बदलते. ॲलर्जी असलेल्या लेकरांच्या काही पांढऱ्या पेशींत आयएल-४ आणि आयएल-१३ ही रसायनं बनवणारे जीन जरा जास्तच राबतात. त्यामुळे आयजीई नावाच्या अँटीबॉडी तयार होतात आणि नाकात, छातीत, कातडीत दबा धरून बसतात. तुमच्या डॉक्टरांनी रक्तात पाहिलं ते बहुधा हेच.

नातीला का नाही? एक तर वाटणी सारखी होत नाही. आईकडून निम्मे आणि बापाकडून निम्मे जीन येतात, पण कोणते निम्मे ते प्रत्येक लेकराचं वेगळं. बापाच्या दम्याचा वाटा एकाकडे जास्त, दुसरीकडे कमी आला असेल. दुसरी गोष्ट तुम्हीच लिहिली आहे, पण तिच्याकडे तुमचं लक्ष गेलं नसावं. नात जन्मली तेव्हा घरात कुत्रा होता. नातवाच्या वाट्याला तो दोन वर्षांनी आला.

सूनबाईंनी वाचलं ते खोटं नाही. स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या सरकारी नोंदी तपासून 2015 मध्ये एक अभ्यास छापून आला. पहिल्या वर्षात घरी कुत्रा असलेल्या मुलांत शाळेच्या वयात दम्याचं प्रमाण सुमारे 13 टक्क्यांनी कमी होतं. गोठ्यातल्या जनावरांजवळ वाढलेल्यांत तर जवळपास निम्मं. (आपल्याकडच्या गोठ्यांना कधी एवढा मान मिळाला नव्हता.) 2025 मध्ये युरोपातल्या 16 अभ्यासांची माहिती एकत्र करून इसबाचा विचार झाला. आयएल-७ आर नावाच्या जीनजवळ एक फरक असलेल्या मुलांना इसबाचा धोका जास्त असतो, पण तान्हेपणी घरात कुत्रा असेल तर हा धोका दबलेला दिसला. सात तोच, बारा बदलला.

पण सूनबाईंना एक विचारा : पेरणीआधी बियाण्याला लावायचं औषध उभ्या पिकावर फवारून काय उपयोग? हे सगळे आकडे पहिल्या वर्षाचे आहेत, आजार जडायच्या आधीचे. शिट्टी वाजायला लागलेल्या साडेचार वर्षांच्या लेकराला कुत्र्याजवळ झोपवून बरं करता येत नाही. त्या बातम्यांखाली हे कोणी लिहीत नाही, म्हणून मला राग येतो.

तरीही मी वाघ्याला दोषी ठरवायला तयार नाही, कारण हिशेब जुळत नाही. तो अडीच वर्षं घरात आहे आणि शिंका दिवाळीपासून. ॲलर्जी जडायला वर्षं लागू शकतात, हे खरं. पण दिवाळीपासून घरात आणखी काय आलं? कापूस! अख्ख्या पत्रात तो तुम्ही फक्त झोपायची जागा सांगताना आणलात.

इथे माझीच एक चूक सांगते. दवाखाना नवा होता तेव्हा असाच धाप लागलेला मुलगा आला, घरात कुत्रा. मी ऐटीत सांगितलं, कुत्रा काढा. बापाने तो दूरच्या पाहुण्यांकडे नेऊन सोडला. महिन्याभराने मुलगा तसाच खोकत परत आला, वर कुत्र्यासाठी रडून रडून डोळे सुजलेले. मग मी विचारलं, झोपतो कुठे? कापसाच्या ढिगावर. त्या कापसाने घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज होती, आणि मी विचारलंच नव्हतं. कापूस विकला गेला आणि त्याची छाती मोकळी झाली. तेव्हापासून मी आधी झोपायची जागा विचारते, मग जनावर.

म्हणून आधी कापूस हलवा. विकत नसाल तर दुसरीकडे ठेवा, पण लेकरू झोपतं त्याच्या शेजारी नको. तुरीची मळणी चालू असेल त्या दिवशी त्याला खळ्यावर नेऊ नका. रक्तात आयजीई सापडणं म्हणजे शरीराने कुत्र्याची ओळख ठेवली आहे, एवढंच. त्रास त्याचाच आहे हे त्याने सिद्ध होत नाही. अशी ओळख ठेवून मजेत फिरणारी माणसं पुष्कळ असतात.

केस भादरल्याने फरक पडणार नव्हता. मुख्य ॲलर्जी कुत्र्याच्या लाळेतल्या ‘कॅन एफ १’ या प्रथिनाची असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, कोंड्याबरोबर बारीक धूळ होऊन हवेत तरंगते. अंघोळ घातली की ती कमी होते, पण थोडे दिवसच. आठवड्यातून दोनदा घालावी लागते, आणि एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यात कोण घालणार? त्यापेक्षा त्याला माजघराबाहेर ठेवणं सोपं. वाघ्या नर आहे, म्हणून आणखी एक : ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन फक्त नर कुत्र्यात असतं. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत दोन्ही वेगवेगळी तपासता येतात. नातवाला फक्त पाचचीच ॲलर्जी निघाली, तर कुत्री पाळायला बहुधा अडचण येणार नाही.

कापूस गेला, वाघ्या बाहेर झोपला, आणि दोन-तीन महिन्यांनीही शिट्टी थांबली नाही, तर वाघ्याला शेतातल्या आखाड्यावर पाठवा. त्यात पाप कसलं, राखणीचंच जनावर आहे ते. मात्र तो गेल्यावरही गाद्या-गोधड्यांतून त्याची धूळ कित्येक महिने निघत राहते. आठ दिवसांत फरक नाही म्हणून निराश होऊ नका.

डॉक्टरांनी श्वासातून औषध ओढायचा पंप दिला असेल तर तो त्यांनी सांगितलाय तसा न चुकता द्या. ‘पंपाची सवय लागते’ हे गावात सगळे सांगतील, ऐकू नका. पंपातलं औषध थोडं असतं आणि थेट छातीत जातं. लेकराच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या किंवा बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.

आणि ती वाकळ कितीही धुतली तरी आता वाघ्याचीच. ओट्यावर त्यालाच अंथरा, नातवाला दुसरी शिवा.