आधी घर बघ

प्रिय डॉक्टर,

परवा पर्वती पायथ्याला चहा घेताना तू म्हणालीस, "सर, गोळ्या फुकट मिळतात तरी टीबीचे पेशंट मध्येच सोडून देतात. अशा लोकांसाठी मी इथं राहून करू काय?" तेव्हा मी गप्प बसलो. रात्री मात्र डोळा लागला नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जनता वसाहतीतल्या एका हमालाच्या कार्डावर मी माझ्या हातानं लिहिलं होतं, 'असहकार्य'. त्याच्या घरी गेलो तो त्याच्या तेराव्यानंतर. अरुंद पायऱ्या चढून वर पोचेपर्यंत मला धाप लागली. त्याच्या फुप्फुसांचं काय होत असेल? फळीवर पत्र्याच्या डब्यात गोळ्या तशाच होत्या. बायको म्हणाली, "उपाशीपोटी घेतल्या की मळमळायचं, मग पोतं उचलवत नव्हतं. तुमचा दवाखाना उघडायचा तेव्हा ते मार्केट यार्डात." सहा महिन्यांचा कोर्स मी लिहून दिला, पण तू जेवतोस कधी, एवढं विचारलं नाही.

म्हणून सांगतो, आधी घर बघ. 'असहकार्य' हा शब्द पुन्हा काढू नकोस, मला राग येतो.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि पाजायला नातेवाइकांनाच बसवलं. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या आत आले. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्यानं गावातल्या निरक्षर बायकांच्या हाती आरोग्य दिलं. उपाय घरापर्यंत गेला तेव्हाच लागू पडला. बंगाल असो, जामखेड असो.

तुला जिनिव्हाला, जागतिक आरोग्य संघटनेत जायचंय? खुशाल जा. पण घर न बघता तिथं बसून धोरणं लिहिणार असशील, तर माझा आशीर्वाद मागू नकोस. मला मुंबईत बढती मिळत होती, नाही म्हणालो. घरचे अजून बोलून दाखवतात. बोलू देत. तो डबा मला मंत्रालयातून दिसला नसता.

गुरुवारी संध्याकाळी सहाला ये, माणसं कामावरून परततात तेव्हा. आशाताईंना सांगून ठेवलंय. चपला नकोत, बूट घाल. पावसात त्या पायऱ्या फार निसरड्या होतात.

तुझा,
सर