थॅलेसेमियाच्या मुलांच्या कुटुंबांवर एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध आहे. वडील मुलाखतीला येत नाहीत, गाईड म्हणतात ते वेळच देत नाहीत. फक्त आयांशी बोलून चालेल का?

चालेल, पदवी मिळून जाईल. फक्त त्याला कुटुंबाचा अभ्यास म्हणू नका. तुमच्या गाईड म्हणतात, वडील वेळ देत नाहीत. त्यांना कुणी विचारलंय का, आणि कधी?

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा प्रकार. बायको पतपेढीत, तिला रजा मिळायची मारामार. मी विमा एजंट, म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला डे-केअरला मीच न्यायचो. तिथे तुमच्यासारखीच एक विद्यार्थिनी फॉर्म घेऊन आली. मी पोराचा सलाईनचा हात धरून बसलेलो. "आई नाही आल्या? बरं, फॉर्म घरी देता का त्यांना?" म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

फॉर्म बायकोने भरला. त्यात जेवण कोण भरवतं, अभ्यास कोण घेतं, शाळेत बाईंशी कोण बोलतं, असले प्रश्न. सारखं रक्त चढवून अंगात लोह साठतं, ते काढायला तेव्हा डेस्फेराल या औषधाचा पंप असायचा. आठवड्यातून पाच-सहा रात्री पावडर पाण्यात विरघळवा, सिरिंज भरा, पोटाच्या कातडीखाली सुई लावा, मग तो आठ-दहा तास चालणार. कूस बदलताना सुई निघाली की पुन्हा टोचा. पोरगं मला शिव्या घालायचं. बायकोला सुई बघवत नसे, त्यामुळे हे खातं माझं. फॉर्ममध्ये पंपाचं नावही नव्हतं.

पुढे पालक मेळाव्यात निष्कर्ष वाचून दाखवला: वडिलांचा सहभाग प्रामुख्याने आर्थिक. माझा मेव्हणा नेमका शेजारी बसलेला. तेव्हापासून कुठल्याही लग्नात, बारशात गाठ पडली की सुरू, "दाजी, आमची ताईच सगळं करते, रिसर्चच सांगतो." ताईने स्वतः सांगून बघितलं, त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही.

मग मी शोधाशोध केली. अमेरिकेत विकी फेअर्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ सालीच लिहून ठेवलंय की मुलांच्या मानसिक त्रासांवरच्या संशोधनात बाप गायब असतो. २००५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या आजारांवरचं संशोधन तपासलं, तिथेही तीच रड. वायसॉकी आणि गॅविन यांनी तर खास यासाठी 'डॅड्स' नावाची प्रश्नावली केली आहे. बाप आजारपणात किती करतो आणि त्याचा उपयोग किती होतो, हे दोन्ही त्यात विचारतात. ती बघा.

बाकी, मंगळवारी सकाळी अकराला बोलावलंत तर रोजंदारीवाला येणार नाही. रविवारी भेटा, नाहीतर रात्री फोन करा. नवरा-बायकोला एकत्र बसवू नका. मे महिन्यात कॉलेजांना सुट्टी, रक्तदान शिबिरं कमी, पिशवी मिळत नाही. तेव्हा मंडळाच्या पोरांना फोन कोण लावतं, हेही विचारा. मुलाचं शेवटचं फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह दाखवणारी रक्ततपासणी, किती आलं, हे दोघांना वेगवेगळं विचारा.

हां, पळपुटे बापही आहेत. आई-बाप दोघंही मायनर, म्हणजे स्वतः धडधाकट पण आजाराचे वाहक, असल्याशिवाय मूल मेजर होत नाही, तरी सगळा दोष बायकोवर ढकलून तिला माहेरी धाडणारे मी त्याच वॉर्डात पाहिलेत. अशा बाईला "मिस्टरांना घेऊन या" म्हणू नका. आणि माझ्या बायकोने कमी केलं असंही मी म्हणत नाहीये.

प्रबंध झाला की एक प्रत पाठवा. मेव्हण्याला देतो.