त्याआधीचे दोन सेकंद

बाळा,

तू पाठवलेला तुझ्या फुटबॉलचा व्हिडिओ बघितला. चांगला जोडलायस. पण त्यातला प्रत्येक तुकडा चेंडू तुझ्या पायात आल्यावर सुरू होतो. त्याआधीचे दोन सेकंद तू कापून टाकलेस. आणि खाली लिहिलंस, 'सर, हाफला खेळून कुणाचं लक्ष जात नाही, पुढच्या सीझनला फॉरवर्ड खेळू का?'

लेका, तू मधल्या फळीतला हाफ, तुझा सगळा खेळ त्या दोन सेकंदांत आहे! गेल्या महिन्यात शाहू स्टेडियमवर मी गोलच्या मागं बसलो होतो. मागच्या फळीतल्या बॅकनं चेंडू दिला. तो येईस्तोवर तू एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघितलंस, एकदा उजव्या. मग अंगावर आलेल्या पोराला बाजूला ठेवून वळलास. पुढं गोल झाला, गॅलरी गोल करणाऱ्याच्या नावानं ओरडली. मी तुझी मान बघत होतो.

चेंडू येण्याआधी मागं बघ. पाच वर्षं मी हेच सांगतोय. नॉर्वेच्या गेयर यॉर्डेट या संशोधकानं प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंची चित्रणं तपासली. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून बघत होते, त्यांचे पुढं दिलेले पास जास्त बरोबर जात होते. इंग्लंडचा हाफ लॅम्पार्ड त्यात अगदी वरच्या रांगेत होता. तो गोल किती करायचा ते तुला पाठ आहे. मान किती वळवायचा ते कधी मोजलंस?

क्रोएशियाचा हाफ मॉड्रिच, त्याचा फोटो तुझ्या मोबाईलच्या कव्हरवर आहे, म्हणून त्याचं सांगतो. युद्धात घर सुटलं, झादरमधल्या निर्वासितांच्या हॉटेलाच्या पार्किंगमध्ये खेळला. अंगानं बारीक म्हणून हायदुक स्प्लिट या क्लबनं घेतला नाही. पुढं बोस्नियाच्या लीगमध्ये लोनवर गेला, तिथले टॅकल पायावर झेलले. २०१२ मध्ये रिआल माद्रिदला आला, तर काही महिन्यांतच तिथल्या एका वर्तमानपत्राच्या वाचकांनी त्याला त्या मोसमातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं. म्हणून त्यानं जागा सोडली? २०१८ च्या विश्वचषकात त्याचे गोल २, तरी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार. त्याआधी सलग दहा वर्षं तो पुरस्कार मेस्सी आणि रोनाल्डो यांच्या बाहेर गेला नव्हता.

जागा सोडणं काय असतं ते मला माहीत आहे. बावीस वर्षांचा होतो. सेमी फायनल, शेवटची दहा मिनिटं. बॅककडून चेंडू आला आणि मी चेंडूकडंच बघत राहिलो. मागून एकानं पायातून काढला, गोल झाला, आम्ही हरलो. पेठेत आठवडाभर तोंड दाखवता येईना. मग मीच कोचला म्हणालो, मला पुढं खेळवा. पुढं चेंडू गेला तर कोण विचारतंय? दोन वर्षांत माझी हाफची जागा दुसऱ्या पोराची झाली. मुंबईच्या एका संघाची माणसं हाफ बघायला आली, त्यालाच घेऊन गेली. मी लाइनीजवळ उभा राहून बघत होतो.

आता तू म्हणशील, सर, तुम्हाला नोकरी तर गोलवरच लागली. खरं आहे. पेपरात गोल करणाऱ्याचंच नाव छापून यायचं, ती कात्रणं क्रीडा कोट्याच्या अर्जाला लावली, त्यावर दोन बहिणींची लग्नं झाली. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या वेळी दुसरं काय करायला हवं होतं, तूच सांग. पण तुझे वडील कमावते आहेत, आणि तू सतरा वर्षांचा आहेस. तुझ्यावर तशी वेळ आलेली नाही, म्हणून मी ऐकून घेणार नाही.

तुझं दुखणं मला कळतं. निवड करणारे घाईत असतात, तीस सेकंदांत पुढचा व्हिडिओ लावतात. मग त्यांना दाखव ना! प्रत्येक तुकडा दोन सेकंद आधीपासून सुरू कर. गाणं काढून टाक. तुझी मान दिसू दे. ज्याला हाफ कळतो तो थांबेल. ज्याला कळत नाही त्याच्या संघात तुला बेंचवरच बसावं लागेल.

मंगळवारी सकाळी साडेपाचला गांधी मैदानावर ये. मी तुझ्या मागं उभा राहून बोटं वर करीन, समोरून धाकटा पास देईल. चेंडू पायाला लागायच्या आत किती बोटं ते मोठ्यानं सांगायचं. चुकलास तर तो पास पुन्हा. बूट कालच्यासारखे ओले आणू नकोस.

तुझा,
सर