.२२ टार्गेट रायफलचा दस्ता सागवानाचा केला तर चालेल का? सांगलीत अक्रोड मिळत नाही.

चालेल, पण जुनं शिसवी लाकूड मिळत असेल तर तेच घ्या. .२२ चा (गोळी सुटताना मागे बसणारा) धक्का अगदी कमी, त्यामुळे सागवान धक्क्याने मोडणार नाही. पण ते रेषेवर, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेने, चटकन चिरतं, आणि पकडीपाशी दस्ता बारीक होतो तिथेच चीर जाते. मी सुतारकाम करतो, माझ्या टार्गेट रायफलचा दस्ता मीच घडवलाय. त्यावरून सांगतो, लाकडाच्या जातीइतकीच रेषांची दिशा महत्त्वाची. फळीवर आकार आखताना पकडीतून रेषा लांबीने सलग गेल्या पाहिजेत, आडव्या तुटता कामा नयेत. मिरजेत तंबोऱ्याला वापरतात ते ‘तून’ नावाचं लाकूड सुंदर दिसतं, पण दस्त्याला मऊ पडतं. स्क्रू आवळले की दबतं.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. हवेवर वाळवायचं तर जाडीच्या दर इंचाला साधारण १ वर्ष धरा. नळीची खाच कोरताना थोडी ढिली ठेवा: नळी आणि लाकडाच्या मधून कागदाची पट्टी शेवटपर्यंत सरकली पाहिजे. नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला टेकतं आणि नेम हलतो. शेवटी उकळलेल्या जवस तेलाचे पातळ हात द्या, खाचेच्या आतूनही. आतली बाजू बहुतेक जण विसरतात आणि ओल तिथूनच शिरते.

हे सगळं फक्त लाकडापुरतं. ट्रिगर, बोल्ट, नळी यांना घरी हात लावू नका, ते परवानाधारक कारागिराकडेच द्या.